चिल्ला आणि आजारी बाळ

बहिणींनो, आपल्या भिवंडीत बाळ जन्मलं की कानात अजान दिली जाते, सातव्या दिवशी अकीका होतो आणि आई-बाळाचा चाळीस दिवसांचा चिल्ला सुरू होतो. आईला आराम मिळावा, बाळाला जपावं, हाच त्यामागचा हेतू. पण बाळ दूध ओढेनासं झालं तरी “चिल्ल्यात बाहेर कसं न्यायचं?” म्हणून आपण थांबतो, आणि तिथेच घात होतो.

रक्तात जंतू शिरले की त्याला सेप्सिस म्हणतात. नवजात बाळात तो काही तासांत बळावतो. अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ, पाणमोट फुटून १८ तासांनंतर झालेली प्रसूती, बाळंतपणात आईला आलेला ताप, न धुतलेले हात, नाळेला लावलेलं तेल-हळद, आईच्या दुधाऐवजी दिलेली घुट्टी किंवा बाटली, यांनी धोका वाढतो.

ताप येईलच असं नाही; कधी बाळ उलट थंड पडतं. दूध न ओढणं, सुस्त पडणं, रडणं क्षीण होणं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके, बेंबीतून पू, यांपैकी एक लक्षण दिसलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा. मेडिकलमधून परस्पर औषध आणू नये.

घरातल्या माणसांना हे ओळखता येतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना ही लक्षणं ओळखून उपचार करायला शिकवलं. आधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. नंतर तिघांहून कमी.

आता आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात, म्हणजे जवळपास चिल्लाभर. त्यांना दारातूनच परत पाठवू नका. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्याचा उपचार मोफत आहे. १०८ला फोन करा. बाळाला छातीशी उबदार धरून न्या.

उंट बांधून मगच तवक्कुल करायची शिकवण आपल्याला पाठ आहे. बाळ अल्लाहची अमानत आहे. दुआ वाटेतही करता येते. चिल्ला त्यासाठी अडून राहत नाही.