दोन हजार फुटांचं समाधान

अमेरिकेत घर बघताना आपण शाळांचं रेटिंग पाहतो आणि मग हळूच लैंगिक गुन्हेगारांचा सरकारी नकाशाही उघडतो. घरात लहान मुलं असली की ते साहजिकच आहे. पण नकाशावरचा ठिपका शाळेपासून लांब असला की मुलं सुरक्षित, असं तुम्हाला वाटत असेल, तर पुरावा त्याला साथ देत नाही.

आधी एक खुलासा. भारतात पॅरोल म्हणजे कैद्याला मिळणारी थोड्या दिवसांची रजा. इथे मात्र तुरुंगातून सुटल्यावर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, अटी पाळून समाजात राहणं म्हणजे पॅरोल. अशा गुन्हेगारांवर अटी हव्यातच. प्रश्न आहे तो कोणत्या अटी, हा.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००६ साली एक सोपी अट मंजूर केली: शाळा किंवा मुलांची बाग यांच्यापासून २००० फुटांच्या आत राहायचं नाही. सॅन डिएगो काउंटीत त्यामुळे भाड्याची बहुतेक घरं बाद झाली आणि अनेक जण रस्त्यावर आले. ज्याला पत्ताच नाही, त्याच्यावर नजर ठेवणार कशी? २०१५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या काउंटीत पॅरोलवरच्या सगळ्यांना ही अट सरसकट लावणं घटनाबाह्य ठरवलं. ज्याच्या बाबतीत तसं कारण आहे, त्याला ती लावण्याची मुभा मात्र ठेवली.

अंतराने गुन्हे तरी टळतात का? मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या २२४ जणांची प्रकरणं तपासली. २००७ च्या त्या अहवालानुसार घराच्या अंतराची अट असती, तरी त्यांतला एकही गुन्हा टळला नसता. अनेकांनी बळीपर्यंतची वाट ओळखीतूनच काढली होती, उदाहरणार्थ, मुलाच्या आईशी मैत्री करून.

म्हणून अट त्या वाटेवर हवी. अशा माणसाने नवं नातं जोडण्याआधी अधिकाऱ्याला कळवावं. इंटरनेटवरून गुन्हा करणाऱ्याचा संगणक तपासला जावा. कोणाला किती कडक देखरेख लागेल, हे ठरवायला वय, आधीचे गुन्हे, बळी ओळखीचा की अनोळखी अशा बाबी मोजणारी 'स्टॅटिक-९९'सारखी साधनं आहेत. ती अचूक भविष्य सांगत नाहीत, पण कमी धोक्याच्या माणसामागे वेळ दवडण्याऐवजी अधिकाऱ्याचं लक्ष योग्य ठिकाणी वळवतात. कॅनडात १९९४ साली सुरू झालेली स्वयंसेवकांची 'वर्तुळं'ही आहेत. सुटलेल्या माणसाला ती आधार देतात आणि जाबही विचारतात. मिनेसोटात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून त्यांची चाचणी झाली, तेव्हा वर्तुळातल्यांकडून पुन्हा गुन्हे खूपच कमी झाले.

उद्या तुमच्या गावात अंतर वाढवण्याच्या मागणीवर सह्या गोळा होतील, तेव्हा सही करण्याआधी एवढं विचारा: या अटीने नेमका कोणता गुन्हा अडेल? आणि तोच पैसा प्रशिक्षित अधिकारी, उपचार आणि राहायला पक्का पत्ता यांवर खर्च केला, तर आपली मुलं जास्त सुरक्षित राहणार नाहीत का?