टाइमशीटमध्ये न मावणारे तास

'वर्क-लाइफ बॅलन्स' हा शब्द मला आता ऐकवत नाही. तराजूच्या एका पारड्यात काम, दुसऱ्यात आयुष्य, आणि दांडी धरून उभे आपण. पारडं कलंडलं की दोष दांडी धरणाऱ्याचा. मग त्याला शिकवा: पहाटे उठ, डायरी लिही, फोन लांब ठेव, श्वास मोज. पारड्यात वजनं कोण टाकतंय, हे कुणी विचारत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे बर्नआउटवर वेबिनार झाला. वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. आठला अमेरिकेचा कॉल होताच. बोलायला आलेल्या बाईंनी 'नाही म्हणायला शिका' असं सांगितलं. वेबिनारला हजेरी सक्तीची होती.

मी सहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तीन कंपन्या झाल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की आमचा प्रश्न बॅलन्सचा नाही, हिशेबाचा आहे. आम्ही किती तास काम करतो हे कुठेही खरं लिहिलेलं नसतं, आणि लिहिलेलं नसतं म्हणूनच ते फुकट मिळतं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही सॉफ्टवेअर विकतो. पण दुसऱ्यांसाठी काम करून देणाऱ्या कंपन्या मुख्यतः तास विकतात. अमुक अनुभवाचा माणूस, ताशी इतके डॉलर. ठरावीक रकमेचं कंत्राट असलं तरी त्याचा अंदाज माणशी किती तास लागतील यावरच बांधतात. कंत्राट हातचं जाऊ नये म्हणून विक्रीवाले तो अंदाज खाली आणतात. दहा आठवड्यांचं काम सातात करून देतो असं सांगून येतात. मधले तीन आठवडे मग आमच्या रात्रींतून आणि शनिवारांतून निघतात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा आमचा साडेसातचा कॉल साडेआठला जातो आणि जेवण दहाला. आपल्याकडची घड्याळं होती तिथेच असतात.

हे सगळे तास कुठे जातात? कुठेच नाही. टाइमशीटमध्ये दिवसाला आठच भरायचे असतात. आधीच्या कंपनीत एका रिलीजच्या आठवड्यात मी खरे ६१ तास भरले. सिस्टीमने ते लाल अक्षरांत परत पाठवले. मग मॅनेजरचा फोन आला, "अरे, क्लायंट विचारेल ना, एस्टिमेट चुकलं का म्हणून. चाळीस कर आणि सबमिट कर बाबा." माणूस वाईट नव्हता. त्या आठवड्यात तोही साठच्या वरच होता.

खरी गोम पुढे आहे. पुढच्या कामाचा अंदाज बांधताना आधीच्या टाइमशीट बघतात. तिथे ते काम चाळीस तासांत झालेलं दिसतं. म्हणजे तुम्ही एकदा फुकट दिलेले एकवीस तास पुढच्या वेळी गृहीतच धरले जातात. तुमच्यानंतर त्या खुर्चीत येणाऱ्या पोरालाही ते द्यावे लागतात. (आता एआयची साधनं आली आहेत. ती हातात पडण्याआधीच अंदाज आणखी खाली आले. साधन नीट चालतं का, ते नंतर बघू.)

माझे आजोबा सोलापुरात मिलमध्ये साचेखात्यात होते. कष्ट आमच्या दसपट, कानांनी पुढे ऐकू येईनासं झालं, त्यामुळे त्या काळाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. पण भोंगा झाला की पाळी सुटायची. जास्त थांबलं तर ओव्हरटाइमचे तास वेगळे मांडले जायचे आणि त्याचे दुप्पट पैसे मिळायचे. आठवी शिकलेल्या माणसाला आपण महिन्यात किती तास विकले हे ठाऊक होतं. त्यांच्या इंजिनिअर नातवाला ते ठाऊक असू नये अशी पद्धतशीर सोय आहे.

हा हिशेब आजोबांनाही कुणी सहज दिलेला नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला बंद, पगार ठरल्या तारखेपर्यंत. बहुतेक मागण्या घड्याळाच्या. रविवारच्या सुट्टीसाठी त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं लागली, १८९० च्या जूनमध्ये मालकांनी ती मान्य केली. त्या लोकांना कुणी वेळेचं व्यवस्थापन शिकवत बसलं नाही, हे नशीबच.

कायदा आजही आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आपल्या आयटी ऑफिसांनाही लागतो. त्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा, वरच्या वेळेला दुप्पट मोबदला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ चे १० करायचं ठरवलं, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही १२५ वरून १४४ तासांवर नेली. व्यवस्थापकीय पदांना यातून सूट आहे. आमच्याकडे चौथ्या वर्षीच सगळे 'लीड' का होतात, याचा मी अधूनमधून विचार करतो.

आता तो सत्तर तासांचा सल्ला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार अशा छापाचं. लोकांनी मीम केले, हसले, विषय संपला. मी कॅल्क्युलेटर काढला. सत्तरातून ४८ गेले, उरले २२. दुप्पट दराने त्याचे ४४ तासांचे पैसे. म्हणजे ७० तासांना ९२ तासांचा पगार. शिवाय तेरा आठवड्यांच्या तिमाहीत हा ओव्हरटाइम २८६ तास होतो, वाढवलेल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. देशासाठी करायचं तर करू, पण पैशाचं काय आणि कायद्याचं काय, हे दोन प्रश्न या सल्ल्यानंतर कुणी विचारताना मला दिसलं नाही. फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय, तेही त्यात आलंच.

२०२४ मध्ये पुण्यात एका बड्या हिशेबतपासणी कंपनीत लागलेली २६ वर्षांची सीए चार महिन्यांत गेली. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. नंतर कामगार खात्याचे लोक त्या ऑफिसात गेले, तेव्हा याच कायद्याखालची नोंदणी तिथे नसल्याचं आढळलं. ती मुलगी किती तास काम करत होती यावर त्या दिवसांत खूप वाद झाला. वाद होऊ शकला, कारण हिशेब नव्हता.

'एसीत बसून रडता' हे मला माहीत आहे. आमच्याच गेटवरचा सिक्युरिटीवाला बारा तास उभा असतो आणि आमच्यापेक्षा खूप कमी कमावतो. पण मी रात्री एकला निघालो तर कॅबवाल्या दादांचीही रात्र जाते. माझा फुकटचा तास त्यांच्या कुठल्याच कामी येत नाही.

दुसरा आक्षेप: आपण कामगार थोडेच आहोत? कायदा वेगळं सांगतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम स्पष्ट लिहिलेलं आहे, आधीच्या कायद्यातही होतं. गळ्यातल्या आयडी कार्डावर 'असोसिएट' छापल्याने ते बदलत नाही.

ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेलं आहे. चांगलंच आहे, पण १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. आणि डेडलाइन तीच राहिली तर फोन बंद ठेवून लोक लॅपटॉप उघडतील.

आम्ही टीममधले सहाजण जानेवारीपासून एका साध्या शीटमध्ये खरे तास लिहितो: लॉगिन, लॉगआउट, रात्रीचे कॉल, शनिवार. कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, आपल्या फोनवर. मार्चअखेर माझे ४८ च्या वरचे १७१ तास झाले, सगळ्यांचे मिळून ८९४. एचआरला पाठवायचा मेल लिहून तयार आहे. पाचांनी नाव घालायला होकार दिला. सहावीचं वाकडला घर झालंय, हप्ता बेचाळीस हजार, नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. ती म्हणाली, "माझे तास घाल, नाव नको." तसंच पाठवतोय.