पेठेतली पेढी पाडू नका

बँक ऑफ कराड 1994 मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. साताऱ्याची 1936 सालची युनायटेड वेस्टर्न 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, आणि 1916 सालची सांगली बँक पुढच्याच वर्षी आयसीआयसीआयमध्ये. हळदीचे, गुळाचे पैसे ज्या नावांच्या भरवशावर आपल्या आजोबांनी ठेवले, ती नावे पाट्यांवरून उतरली. ते निर्णय मुंबई-दिल्लीत झाले. आपल्याला कुणी विचारले नाही.

पण गावच्या नागरी सहकारी बँकेची जुनी इमारत सभासदांची आहे, म्हणजे तुमची. तिच्या जागी व्यापारी संकुल उभारायचा विचार चालू असेल, तर ऐका.

ते सागवानी काउंटर आठवा, त्यावरची जाळी, हातात पितळी टोकन घेऊन बाकावर ताटकळलेले शेतकरी. सावकाराच्या ओसरीवर हात जोडणारा माणूस इथे पहिल्यांदा सभासद म्हणून पायरी चढला. त्या पायरीची किंमत गाळ्यांच्या भाड्यात कशी मोजणार?

इमारत ओली आहे, धोकादायक आहे, असे सांगितले जाईल. अनेकदा ही ओल आपणच कोंडलेली असते. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की भिंतीला श्वास घेता येत नाही. पाणी आत मुरते, पोपडे धरतात, भिंतीत घुसलेली तुळयांची टोके कुजतात. तो गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचा करा, कौले शाकारा, कुजले असेल तेवढेच लाकूड बदला. पाडण्याआधी जुन्या बांधकामाचा जाणकार अभियंता एकदा तरी आणा!

अमेरिकेत आयोवा राज्यात मेसन सिटी नावाचे सुमारे 27 हजार वस्तीचे गाव आहे. तिथली बँक आणि तिला जोडलेले हॉटेल फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकाराने बांधले. 1910 मध्ये ते खुले झाले. पहिल्या महायुद्धानंतर शेतीवर मंदी आली आणि बँक बुडाली. 1926 मध्ये तिच्या भरीव विटांच्या भिंती फोडून दुकानांच्या काचा बसवल्या. पुढे कित्येक वर्षे वास्तूची दैना झाली. 2005 मध्ये गावकऱ्यांनी संस्था काढली, पैसा उभारला आणि 2011 मध्ये तिथे पुन्हा हॉटेल सुरू केले. आपल्या पेढीचा आराखडा कुणा राइटने केलेला नाही, हे खरे. गवंडी गावचे होते, पैसा गावचा होता. मला तेवढे कारण पुरते.

आधी इमारतीचे फोटो काढा, मोजमापे घ्या. नगरपरिषदेकडे वारसा यादीसाठी लेखी अर्ज द्या. जुन्या खातेवह्या, शिक्के, टोकने भंगारात जाऊ देऊ नका. सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच असते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. यंदा पाडण्याचा ठराव आला आणि ‘मंजूर, मंजूर’चा गजर सुरू झाला, तर उठून उभे राहा आणि विरोधात हात वर करा.