बुडालेली जमीन आणि वर्गातील अवकलन

भोर आणि वेल्हे हे धरणांचे तालुके. वेळवंडीवरील भाटघर, नीरेवरील नीरा-देवघर, आंबीवरील पानशेत, मोसेवरील वरसगाव. येथील शेतकऱ्याने भातखाचरे दिली आणि खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला. या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या एका उपेक्षित अंगाकडे, म्हणजे शालेय गणिताकडे, येथे लक्ष वेधावयाचे आहे.

अकरावी-बारावीत फलन, आलेख व अवकलन शिकविले जाते. म्हणजे काय होते? घातांक पुढे घ्यावा, त्यातून एक वजा करावा, उत्तर लिहावे. ‘असे का?’ या प्रश्नाला ‘परीक्षेत विचारत नाहीत’ हे उत्तर. त्यात मराठीतून दहावी झालेल्या मुलापुढे विज्ञान शाखेत हाच विषय बहुधा एकाएकी इंग्रजीतून येतो. आपल्यालाच बुद्धी नाही, अशी समजूत करून घेऊन ते मूल गणित सोडते.

वस्तुतः धरण हेच एक फलन आहे. पाण्याची उंची ठरली की साठा ठरतो. त्याचा आलेख सरळ रेषेत जात नाही. तळाशी दरी अरुंद, म्हणून चढ मंद. वर ती रुंदावते, तसा चढ तीव्र होतो. पाणी बोटभर चढले तर साठा किती वाढेल? पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले ते बोट. वाढ जितकी सूक्ष्म घ्यावी, तितके उत्तर अचूक. म्हणजेच उंचीनुसार साठ्याचे अवकलन केले असता हाती येते ते पाण्याखाली गेलेल्या जमिनीचे क्षेत्रफळ! भाटघरचा सुमारे २३.५ टीएमसी साठा दर पावसाळ्यात छापून येतो. त्या आलेखाच्या चढात दडलेली शेते कोणी छापत नाही.

बांधकाम पुरते संपण्यापूर्वीच पाणी अडविलेले पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले. अशा प्रसंगी पातळी किती, एवढे कळून भागत नाही. ती कोणत्या वेगाने चढते आहे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तो वेग म्हणजे काळानुसार केलेले अवकलनच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत अवकलनाचा पहिला पाठ धरणाच्या रोजच्या नोंदींवरून, मराठीतून व्हावा. सूत्र मागाहून यावे. ज्यांच्या जमिनीवर हे आकडे उभे राहिले, त्यांच्या मुलांना ते वाचता येऊ नयेत, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे?