शंभरावर थांबलेली कंपनी

इतिहास म्हटला की राजे आणि तह आठवतात. मला मात्र यंदा एका चिमुकल्या रेकॉर्ड कंपनीच्या इतिहासाने वेड लावले. इंग्लंडमधील ब्रिस्टॉल शहरी १९८७ साली क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघा तरुणांनी 'सारा रेकॉर्ड्स' काढली. सात इंची, स्वस्त तबकड्यांवर त्यांचा भर होता. तेच गाणे निराळ्या वेष्टनात पुन्हा विकणे त्यांना मंजूर नव्हते. पन्नासाव्या क्रमांकाला तर तबकडीऐवजी चक्क पटावरचा खेळ काढला! संगीत-साप्ताहिके या गाण्यांना बुळचट म्हणून हिणवीत.

१९९५ मध्ये शंभरावा क्रमांक निघाला आणि दोघांनी जाहिरात देऊन कंपनी बंद केली.

माझ्या मैत्रिणी याला वेडेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. 'बी.ए. झाली की पुरे' हे घरच्यांनी मला न विचारताच ठरवून टाकले आहे. त्या दोघांनी कुठे थांबायचे ते स्वतः ठरवले, याचाच मला हेवा वाटतो.

त्या शंभराव्या तबकडीला त्यांनी ब्रिस्टॉलमधल्याच एका गल्लीचे नाव दिले : 'देअर अँड बॅक अगेन लेन'. म्हणजे जाऊन परत येण्याची गल्ली.