धरण सुरक्षित आहे, पण कुणासाठी?

‘धरण सुरक्षित आहे.’ कोयनेच्या काठावर जन्मलो तेव्हापासून हे एकच वाक्य ऐकतोय. रात्री भांडी खडखडतात, कौलं सरकतात, आणि सकाळी पेपरात हेच वाक्य, साहेबाचा शिक्का मारलेलं. माणसांचं काय झालं ते खालच्या ओळीत, जागा उरली तर.

तर दोस्तांनो, या सुरक्षिततेचा हिशोब मांडू. 1962 पासून पाणी साठू लागलं नि जमीन गुरगुरायला लागली. पुढच्या साली भूकंपमापक बसवले. म्हणजे सरकारला आवाज ऐकू येत होता. पण पोथीत लिहिलेलं, दख्खनचा कातळ अढळ, इथं मोठा भूकंप व्हायचा नाही. म्हणून भिंतीच्या हिशोबात भूकंपाचा जोर धरला गुरुत्वाकर्षणाच्या 0.05 पट. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी धरणातल्याच यंत्रानं मोजला तो 0.49. जवळजवळ दहापट! एवढी चूक दुकानातल्या दिवाणजीनं केली असती तर शेटनं त्याला हाकलला असता. इथं पोथी बदलली, झालं.

पावणेदोनशेच्या वर माणसं मेली. कोयनानगरची दगडमातीची घरं झोपलेल्यांवर बसली. मुंबईची वीज गेली, म्हणून तरी त्या पहाटेची दखल घेतली गेली, असं मला वाटतं.

भिंत उभी राहिली, हे नाकारत नाही. 103 मीटर उंच, 800 मीटरच्या वर लांब, मजुरांच्या हातांनी भरलेली. पडली नाही, पण तडकली. पायापासून साडेसहासष्ट मीटरवर भिंतीचा मागचा उतार एकाएकी बदलतो, जाड अंग संपून बारीक मान सुरू होते. हादऱ्याचा सगळा ताण त्या मानेवर आला नि आडव्या चिरा गेल्या, पुढूनही, मागूनही. मग चिरा भरल्या, पोलादी दोर ओवून मान आवळली, मागून काँक्रीटचे टेकू दिले. सांडव्याची मजबुती पुरी व्हायला मात्र 2006 उजाडलं.

आता भिंतीनं साठी ओलांडलीय. गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी कातळाची नाडी बघितली. बघा बाबांनो, जरूर बघा. शास्त्राशी आमचं भांडण नाही. तो कागद कुणाच्या हातात जातो, याच्याशी आहे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा म्हणतो, जुन्या धरणांचाही आपत्कालीन आराखडा पाच वर्षांत करा. हेळवाकपासून कराडच्या संगमापर्यंत किती वाड्यांना ठाऊक आहे, भिंतीला काही झालं तर पाणी किती वेळात येईल नि म्हातारीला उचलून कोणत्या टेकाडावर पळायचं? आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पाणी आधी आमच्याकडं येणार, निरोप शेवटी.

कोयनेचं पाणी वीज करून घाटाखाली ज्या चिपळूणकडं उतरतं, त्याच तालुक्यात 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं. मातीचं, लहानसं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली. माणसं वाहून गेली नि मंत्र्यानं खापर फोडलं खेकड्यांवर! च्यायला, खेकड्यांना वकील मिळत नाही म्हणून बरं.

तेव्हा आराखडा सोप्या मराठीत छापा आणि वस्तीत येऊन वाचून दाखवा. भोंगे बसवा, ते कुठवर ऐकू येतात ते आमच्यासमोर वाजवून तपासा. तडे, गळती, हादरे यांची वही लोकांना बघू द्या. नसेल जमत तर पावसाळ्याआधी आम्हीच धरणाच्या हापिसात मुक्कामाला येतो, पोराबाळांसकट, अंथरूण-पांघरूण घेऊन. साहेबच म्हणतात ना, ती जागा सुरक्षित आहे.