प्रयोगशाळा ते बाजारपेठ : मधला पूल कोणासाठी?

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ मध्ये दिलेला ‘नांदेड-४४’ हा संकरित कापूस आपल्या भागातील जुन्या शेतकऱ्यांच्या आजही स्मरणात आहे. कोरडवाहू रानात तग धरणारे ते वाण. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाहता पाहता नांदेड-४४ शिवारातून मागे पडले. वाणात खोट नव्हती. बीटी तंत्रज्ञान खासगी कंपन्यांच्या हाती होते आणि बदललेल्या बाजारात आपले संशोधन उभे करणारी यंत्रणा विद्यापीठापाशी नव्हती. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने महाबीजशी करार करून हे वाण बीटी स्वरूपात परत आणले खरे. पण तोवर दीड दशक उलटून गेले होते.

संशोधन आणि बाजार यांच्यामधली ही दरी बुजवण्यासाठीच सार्वजनिक परिपोषण केंद्रे, म्हणजे इन्क्युबेशन सेंटर, निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून चालणारे व्हेंचर सेंटर हे त्याचे उत्तम उदाहरण. नवउद्योजकाला तेथे शुल्क भरून प्रयोगशाळेची जागा व उपकरणे वापरता येतात. पेटंट कसे घ्यावे, परवाने कोणते लागतात, याचा सल्ला मिळतो. जैवतंत्रज्ञानातील कल्पना पारखून पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’कडून पन्नास लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. प्रयोग फसला तर घर-शेत लिलावात निघत नाही. ज्याच्या बापाजवळ तारण ठेवायला काहीच नाही, त्याच्यासाठी खरे मोल या एका गोष्टीचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात शेतजमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न उद्योगवाढीशी जोडला होता. त्यांच्याच नावाने सप्टेंबर २०२० मध्ये ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’ सुरू झाले. उच्च शिक्षणसंस्थांतील परिपोषण केंद्रांमार्फत चार वर्षांत अनुसूचित जातींतील एक हजार तरुण निवडावेत आणि प्रत्येकाच्या उद्योगात तीन वर्षांत तीस लाख रुपये भागभांडवल म्हणून घालावेत, अशी ती योजना. कर्ज नव्हे, भागभांडवल. हा फरक पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. आपल्या वस्त्यांत किती जणांनी हिचे नाव ऐकले आहे?

माझा आक्षेप येथेच आहे. केंद्राचे यश किती कंपन्या नोंदल्या यावर मोजले जाते. उंबऱ्यात कोण पोहोचले, हे कोणी विचारत नाही. अर्ज इंग्रजीत, सादरीकरण इंग्रजीत आणि तेही दहा मिनिटांत. वसतिगृहात राहून एम.एस्सी. झालेली मुलगी तिथेच अडखळते. तिच्या प्रबंधात काय आहे, ते कपाटातच राहते. (विद्यापीठांच्या कपाटांत काय काय पडून असेल, देव जाणे!)

आपल्या मुदखेडचेच पाहा. हा तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो, पण मोगरा एका दिवसात कोमेजतो आणि भाव व्यापारी ठरवतो. फुले चार दिवस टिकवणारे वेष्टन किंवा इथेच अर्क काढणारे लहानसे यंत्र, ही कामे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहेत. विष्णुपुरीचे विद्यापीठ काही फार लांब नाही. तेथील जाणकारांनी महिन्यातून एक दिवस फुलबाजारात येऊन बसावे, अडचण मराठीत ऐकावी आणि अर्जही मराठीतच लिहून घ्यावा. शाळेचे जे माजी विद्यार्थी आज प्राध्यापक आहेत, बँकेत आहेत, त्यांनी त्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसावे. पहिला अर्ज भरून देण्याचे काम त्यांचे.